आधी श्वास सोड



अंदमानला जाऊन आलो हे कळल्यापासून मंडळाच्या कार्यक्रमात जो भेटेल तो विचारतो, "किती दिवस लागतात? मुलांना जमेल का? वयस्कर माणसांचं काय?" त्याची उत्तरं शेवटी देतेच. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की त्या सहा दिवसांतल्या समुद्रापेक्षाही मला अप्पांचं एक वाक्य जास्त आठवतंय. म्हणून आधी ती गोष्ट.

अप्पा म्हणजे माझे सासरे. हुबळीच्या एका शाळेत ३२ वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाले. धारवाडात माळमड्डीला आमचं जुनं घर आहे. खाली अप्पा, वर आम्ही. मी बी.ई. झाल्यावर बेंगळुरूला नोकरी केली. कोविडमध्ये घरून काम सुरू झालं, ते अजून चालू आहे. नवरा बेंगळुरूजवळच्या कारखान्यात. शनिवारी येतो, रविवारी रात्रीच्या गाडीने परत. लेक नऊ वर्षांची, ती शाळेत. म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत, घरात माणसं दोनच. मी आणि अप्पा.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या तोवर हे कधी जाणवलं नाही. चहा झाला की त्या ओट्यावर पळीने दोनदा टकटक करायच्या. मग अप्पा हॉलमधून आणि मी जिन्यावरून, दोघंही हजर. दोन वर्षांपूर्वी आई गेल्या. मी वर हेडफोन लावून, अप्पा खाली पेपर घेऊन. आमचं दिवसभराचं बोलणं तीन वाक्यांत आटपायचं. "चहा ठेवलाय." "जेवून घ्या." "दार लावून घे गं." भांडण वगैरे काही नव्हतं. बोलायला विषयच नव्हता.

अंदमानचं निघालं तेव्हा घरात तीन पक्ष झाले. मला आणि लेकीला स्नॉर्केलिंग करायचं होतं. नवऱ्याला नुसतं वाळूत पडायचं होतं. आणि अप्पांना सेल्युलर जेल पाहायचं होतं. "दोन दिवस तरी जेलला ठेवा," ते म्हणाले. मी वेळापत्रक करणारी. मी त्यांना एक दुपार दिली. निघायच्या चार दिवस आधी नवऱ्याच्या कारखान्यात ऑडिट आलं आणि त्याची रजा रद्द झाली. तिकिटांचे पैसे परत मिळणार नव्हते. "तुम्ही तिघं जाऊन या की," तो म्हणाला. अप्पा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "माझी काही हरकत नाही." मला मात्र धाकधूक होती. सहा दिवस या माणसाशी मी बोलणार काय?

हुबळीहून रात्रीची रेल्वे, बेंगळुरूहून सकाळचं विमान. साधारण अडीच तास खाली नुसतं पाणी, मग एकदम हिरवे ठिपके. "अज्जा, ही बेटं तरंगतात का?" लेकीने विचारलं. (आमच्याकडे आजोबांना अज्जा म्हणतात, आणि अज्जा तिला पुट्टी.) अप्पांनी खिडकीकडे बोट केलं. "तरंगत नाहीत पुट्टी. म्यानमारमध्ये आराकानचे डोंगर आहेत ना, तीच रांग पुढे समुद्रात बुडाली. आपल्याला दिसतात ती तिची शिखरं." लहान-मोठी बेटं आणि खडक धरून संख्या आठशेच्या वर जाते, पण माणसं राहतात ती जेमतेम तीसेक बेटांवर. मी हे सगळं नेटवर वाचून आले होते. अप्पांना ते पाठ होतं. तरी आम्ही दोघंही पुट्टीशीच बोलत होतो.

विमानतळाला वीर सावरकरांचं नाव आहे. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ च्या सप्टेंबरमध्ये श्री विजयपुरम झालं, पण रिक्षावाले अजून जुनंच नाव घेतात. हा ब्लेअर म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारातला लेफ्टनंट. १७८९ मध्ये त्याने इथं पहिली वसाहत वसवली. कैद्यांची कायमची वसाहत झाली ती सत्तावन्नच्या उठावानंतर, १८५८ च्या मार्चमध्ये. पहिल्या खेपेला दोनशे कैदी आणले होते. हे अप्पा सांगत होते, रिक्षावाल्याला. तोही मान डोलावत होता.

जेलमध्ये पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात विंग होत्या, आता तीनच उरल्यात. पाडलेल्या जागेवर सरकारी रुग्णालय उभं आहे. १८९६ ला काम सुरू झालं, १९०६ ला संपलं. विटा ब्रह्मदेशातून आणल्या. जवळजवळ सातशे कोठड्या, आणि प्रत्येक कोठडीत एकच माणूस. 'सेल्युलर' हे नाव त्यावरूनच.

आम्ही दारातून आत शिरलो आणि माझा फोन वाजला. ऑफिसमध्ये त्या दिवशी आमचं रिलीज होतं. मी रजेवर होते, पण काहीतरी अडकलं होतं आणि ते मलाच ठाऊक होतं. २०२० मध्ये चेन्नईपासून अंदमानपर्यंत समुद्राच्या तळाशी सुमारे २३०० किलोमीटर ऑप्टिकल फायबर केबल टाकली. तिच्या कृपेने माझ्या टीमचा आवाज जेलच्या अंगणात खणखणीत ऐकू येत होता. "अप्पा, पाच मिनिटं," मी म्हणाले आणि पिंपळाखाली उभी राहिले. पाचाची चाळीस मिनिटं झाली.

फोन संपतोय तोच लेक एकटी धावत आली. "आई, अज्जा वर बसलेत. उठत नाहीयेत."

जिने कसे चढले आठवत नाही. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला सावरकरांची कोठडी आहे, तिथं गर्दी होती. अप्पा तिथं नव्हते. त्याच्या बऱ्याच अलीकडे, जिथं कुणाचंच नाव नाही अशा एका कोठडीत ते फरशीवर मांडी घालून बसले होते.

"अप्पा! चक्कर आली का? पाणी देऊ?"

"काही झालं नाही. बघत होतो."

मी आत गेले. साधारण साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद. वर उंचावर एक झरोका, हात पोचणार नाही असा. दाराची कडी बाहेरच्या भिंतीत लांब कोनाड्यात नेलेली. आतल्या माणसाने गजांतून हात काढला तरी कडी लागायची नाही.

"बत्तीस वर्षं मी हे फळ्यावर काढून दाखवलं," अप्पा म्हणाले. "चाकाचं चित्र काढायचं, सात रेघा ओढायच्या, झालं. पण आत बसल्याशिवाय एक गोष्ट कळली नव्हती. इथून समोर बघ, काय दिसतंय?"

समोर दुसऱ्या विंगची पाठ दिसत होती. कोरी भिंत आणि त्यातले झरोके.

"मुद्दाम तसं बांधलंय. एका विंगचं तोंड दुसरीच्या पाठीकडं. एका माणसाला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये म्हणून. बाबाराव आणि तात्या, सख्खे भाऊ. एकाच जेलमध्ये होते, पण किती तरी काळ भेट नाही. एका छपराखाली." ते थोडं थांबले. मग उठताना भिंतीला हात टेकवत म्हणाले, "झाला तुझा फोन?"

"हो."

"बरं."

ते 'बरं' मला फार लागलं. त्यात राग असता तर बरं झालं असतं. चहा ठेवलाय, जेवून घ्या, यांच्याच चालीतलं ते होतं. रात्रीच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमात जेलमधलं पिंपळाचं झाड सगळी कहाणी सांगतं. लेक माझ्या मांडीवर झोपून गेली. अप्पा आणि मी शेजारी शेजारी बसून तासभर ऐकलं, आणि हॉटेलवर येईपर्यंत एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने हॅवलॉकला निघालो. हेन्री हॅवलॉक हा सत्तावन्नचा उठाव मोडणारा इंग्रज सेनापती. २०१८ च्या ३० डिसेंबरला बेटाचं नाव बदलून स्वराज द्वीप केलं. त्याच तारखेला १९४३ मध्ये नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. बेटावरची गावं मात्र आधीपासूनच देवाच्या नावाची आहेत, गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ती वसवली. बोटीचा प्रवास दीड-दोन तासांचा. आम्ही धारवाडची माणसं, पाणी बघायचं तर कारवार-गोकर्णच्या किनाऱ्यावरून. मधल्या खुल्या समुद्रात बोट हलायला लागली तशी माझी आणि लेकीची वाट लागली. अप्पांनी खिशातून आलेपाकाच्या वड्या काढल्या. एक तिला, एक मला. "लांब क्षितिजाकडं बघा, मोबाइलमध्ये नको," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी एलिफंट बीच. जेट्टीवरून छोट्या बोटीने वीस-पंचवीस मिनिटं. पूर्वी इथल्या जंगलात लाकूडतोडीसाठी हत्ती आणले होते. एका बेटावरून दुसऱ्यावर पोहत जाणारे हत्ती इथंच प्रसिद्ध झाले. त्यांतला शेवटचा, राजन, २०१६ मध्ये हॅवलॉकवर वारला. किनाऱ्यावर उन्मळलेली मोठाली झाडं पांढरी पडून आडवी पसरलेली आहेत. २००४ च्या त्सुनामीची खूण, बोटवाल्याने सांगितलं. त्या भूकंपात उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला आणि तिथली प्रवाळं पाण्याबाहेर येऊन मेली. दक्षिणेला निकोबारच्या टोकाचं इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली खचलं. एकाच सकाळी.

स्नॉर्केलिंगचं तंत्र ऐकायला सोपं आहे. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क, तोंडात रबरी नळी, तिचं दुसरं टोक पाण्यावर. पालथं तरंगायचं, तोंडाने श्वास घ्यायचा, खाली बघायचं. पोहता येत नसलं तरी चालतं. हवेचं कडं धरायचं आणि गाइड ते ओढत नेतो. आमचा गाइड तिथलाच, विशीतला बंगाली मुलगा. त्याने आधी गुडघाभर पाण्यात सराव करून घेतला. लेक दोन मिनिटांत तयार झाली, बेडकासारखी. माझं मात्र काहीतरी बिनसलं. नाक बंद झालं की मेंदू ओरडायला लागतो. तोंडाने घ्यायचं कळतं, पण छाती ऐकत नाही. पन्नास-साठ फूट आत गेल्यावर नळीत थोडं पाणी शिरलं, आणि मी घाबरून पाय खाली टाकायला गेले.

"पाँव नीचे मत रखना दीदी! नीचे कोरल है!" तो ओरडला.

मी कडं घट्ट पकडलं, मास्क उपसला, खोकत राहिले. त्याने मला किनाऱ्यावर आणून सोडलं आणि लेकीला घेऊन परत गेला. मी वाळूत बसले. अंग थरथरत होतं आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. हट्टाने वेळापत्रकात दोन दिवस समुद्राला देणारी मीच होते ना.

अप्पा टॉवेल घेऊन आले. शेजारी बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "काय झालं?"

"श्वासच घेता येत नाही, अप्पा."

"घेता येत नाही, का सोडता येत नाही?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते वर्गात विचारावं तसं विचारत होते.

"सराव करताना मी इथून बघत होतो. तू नुसती घेतेस. एक घेतला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. भरलेल्या घागरीत आणखी पाणी कुठं मावणार? आधी श्वास सोड. सगळा. मग घ्यायची घाई नको. तो आपला आपण येतो."

गेली किती तरी वर्षं अप्पा पहाटे उठून प्राणायाम करतात. वर झोपेत मला तो फुसफुस आवाज ऐकू यायचा आणि मी उशी कानावर घ्यायची. आज पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर बसून तो केला, एलिफंट बीचवर, ओल्या कपड्यांत. चार अंक घेताना, सहा अंक सोडताना. ते बोटांवर मोजत होते. आजूबाजूला जेट स्कीचा गोंगाट होता. दहा मिनिटांनी ते म्हणाले, "जा आता."

दुसऱ्यांदा पाण्यात तोंड घातलं आणि आधी फक्त सोडला. नळीतून लांब 'फू' आवाज गेला. मग खरंच, तो आपला आपण आला.

आता खाली काय दिसलं ते सांगते. आधी रंग फारसे दिसत नाहीत, करडे-तपकिरी दगड वाटतात. मग डोळे सरावतात. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे गोळे, मेंदूसारख्या वळ्यांचा एक धोंडा. एका वेलवेटसारख्या झुपक्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा निमो मासा आत-बाहेर करत होता. पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचा हिरवा-निळा मासा दगड कुरतडत होता. त्याचा कटकट आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. हा पोपटमासा प्रवाळावरचं शेवाळ खाताना चुनखडीही चावतो आणि मागून बारीक वाळू टाकतो. अशा बेटांवरच्या पांढऱ्याशुभ्र वाळूतली बरीचशी अशा माशांच्या पोटातून आलेली असते. आदल्या दिवशी आम्ही त्याच वाळूत किल्ला केला होता!

काही ठिकाणी मात्र सगळं पांढरं पडलेलं होतं, आणि काही ठिकाणी त्यावर शेवाळाचा थर. गाइडने तिकडे बोट करून हात हलवला, गेलं म्हणून. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जरी काही आठवडे जास्त तापलं, तरी प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. त्या शेवाळावरच ते जगतं, म्हणून मग उपाशी पडतं. अंदमानात २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं. फांदीदार प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतं, गोळ्यासारखं तर जेमतेम एक. मी पाय टाकायला गेले होते तो गोळा कदाचित माझ्यापेक्षा वयाने मोठा असेल.

संध्याकाळी राधानगरच्या किनाऱ्यावर गेलो. हिवाळ्यात तिथं पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. आपलंच घड्याळ, पण आपण देशाच्या पार पूर्वेला आलेलो असतो. लेकीच्या मुठीत प्रवाळाचा एक तुकडा होता, वाळूत सापडलेला. मी आणि अप्पा एकदमच म्हणालो, "ठेव परत." आमचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ असेल. प्रवाळाला वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे, आणि परत येताना विमानतळावर बॅगा तपासतात. ती रडकुंडीला आली. "पण अज्जाकडे तर आहे!"

अप्पांच्या करंगळीत आईंची अंगठी आहे, लाल पोवळ्याची. कुणीतरी मंगळासाठी घालायला सांगितली होती. मी मोबाइलवर शोधून सांगितलं, हे लाल पोवळं इथलं नाही, ते भूमध्य समुद्रातून येतं, पण जात एकच. अप्पांनी अंगठी फिरवली. "म्हणजे हासुद्धा एक जीव होता?"

"एक नाही, अप्पा. खूप."

आणि मग मी समजावत गेले. इंजिनिअरला कुणी विचारलं की ती थांबत नाही. प्रवाळ हा एक प्राणी नाही, हजारो बारीक प्राण्यांची वसाहत असते. एकेक जण काही मिलिमीटरचा. प्रत्येक जण आपल्याभोवती चुन्याची वाटी बांधतो आणि तिच्यात राहतो. दिवसा शेवाळ अन्न करतं, रात्री हे हात बाहेर काढून पाण्यातले कण पकडतात. अप्पांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. वाटी कशाची? मेल्यावर काय होतं? नवा कुठं बांधतो? आईंच्या मागे अप्पांनी मला विचारलेले हे पहिले प्रश्न असतील.

लेक ऐकत होती. "म्हणजे तेपण कोठडीत राहतात? एकेकटे?"

मी म्हणाले, "वाटी वेगळी असते, पण वरून एक पातळ कातडी असते, सगळ्यांना जोडणारी. एकाने खाल्लं तर त्यातलं शेजाऱ्यालाही पोचतं."

अप्पा समुद्राकडे बघत होते. मग नातीला म्हणाले, "म्हणजे कोठडी आहेच पुट्टी. पण भिंतीवरून घास पोचतो. जेलमध्ये तेवढंच होऊ द्यायचं नव्हतं त्यांना."

कुणीच काही बोललं नाही. मग एक मोठी लाट आली आणि अप्पांची दुमडलेली पँट कमरेपर्यंत भिजली. लेक खदखदा हसली. अप्पाही हसले. आणि हसता हसताच म्हणाले, "हिला फार हौस होती समुद्राची. दर वर्षी म्हणायची, कारवारला तरी जाऊया. मी म्हणायचो परीक्षा होऊ देत, पेपर तपासून होऊ देत. निवृत्त झालो तर गुडघे दुखायला लागले तिचे."

मला हे ठाऊक नव्हतं. दहा वर्षं त्या घरात राहूनही. मी म्हणाले, "अप्पा, परवा जेलमध्ये मी फोनवर..." पुढं काय म्हणायचं ते सुचेना.

"काम असतं गं," ते म्हणाले. "मला फोनचा राग नव्हता. मला ते सगळं कुणाला तरी सांगायचं होतं. इतकी वर्षं वर्गात चाळीस पोरं समोर असायची. आता हिच्या फोटोला सांगतो."

अंधार पडेपर्यंत बसलो. अप्पा बोलत होते. आईंचं लग्न, त्यांची पहिली बदली, सुरुवातीला मी घरात आले तेव्हा आई त्यांना काय म्हणाल्या ते. (ते इथं लिहीत नाही.) मी फोन खोलीवर ठेवून आले होते. उरलेल्या दिवसांत आम्ही नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपावर, गेलो. काचेच्या तळाच्या बोटीतून अप्पांनीही प्रवाळ पाहिलं, पाण्यात मात्र ते शेवटपर्यंत उतरले नाहीत. आणि परतीच्या दिवशी मी वेळापत्रक मोडून सकाळी पुन्हा जेलला रिक्षा घेतली. या वेळी तीन तास. अप्पांनी शिकवलं, मी आणि लेक वर्गात बसलो. गच्चीवरून समोर नॉर्थ बे दिसतो. जुन्या वीस रुपयांच्या नोटेवर नारळीची झाडं आणि दीपगृह आहे ना, ते चित्र त्याच किनाऱ्याचं. अप्पांच्या पाकिटात तशी एक नोट निघाली!

आता कबूल केल्याप्रमाणे उत्तरं. सहा दिवस पुरतात, आठ असतील तर उत्तम. डिसेंबर ते मार्च समुद्र बरा असतो. बेटांमधल्या बोटींची तिकिटं विमानाबरोबरच काढून ठेवा. जेल आठवड्यातून एक दिवस बंद असतं, तो आधी बघून घ्या. बोट लागणाऱ्यांनी आलेपाक किंवा डॉक्टरांना विचारून गोळी. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा. मगरींच्या सूचनेचे फलक काही किनाऱ्यांवर आहेत, ते शोभेसाठी नाहीत. मनाई असेल तिथं पाण्यात जाऊ नका. प्रवाळाला हात लावू नका, पाय टेकू नका, घरी आणू नका. मुलांना सहज जमतं. सत्तरीच्या माणसांना जेलचे जिने सावकाश चढले तर जमतात. आणि धारवाडचे पेढे न्या. आम्ही गाइडला एक पुडा दिला, तर त्याने दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने केलेले नारळाचे लाडू आणून दिले.

घरी येऊन आता तीन महिने झाले. सगळं बदललं असं सांगितलं तर खोटं होईल. रिलीजच्या आठवड्यात मी अजूनही वर बंद खोलीत असते आणि जेवण तसंच पानात गार होतं. पण इतर दिवशी खोलीचं दार उघडं असतं. कॉल फारच चढला तर मी माइक बंद करून लांब श्वास सोडते, आधी सोडते. आणि दुपारी चारच्या सुमाराला खालून ओट्यावर पळीची दोनदा टकटक होते. अप्पांना चहा अजून नीट जमत नाही, साखर जास्त पडते. मी हेडफोन काढून खाली जाते.